टिटवीचा राखणदार

पक्षिमित्रांच्या बैठकीत हल्ली माझं नाव निघालं, की लोक आधी हातातला चहा खाली ठेवतात. हसताना सांडतो म्हणे! तुम्हीही ठेवा, मग सांगतो. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

आमचं घर धायरीला. मागच्या गॅलरीतून माळ दिसतो. म्हणजे उरलाय तेवढा दिसतो. बाकीच्यावर इमारती आल्या आणि त्यातल्याच एकीत मी राहतो, त्यामुळे फार बोलता येत नाही. पण काय ती उन्हाळ्यातली सकाळ हो! वाळलेलं गवत सोनेरी होतं, चंडोल गात गात वर वर चढत जातो, लांबवर सिंहगड धुरकट निळा... बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज तिथे जाऊन नुसता उभा राहायचो. आमच्या हिचं, म्हणजे सुनंदाचं म्हणणं, "यांना दूध आणायला पाठवलं तर ढग घेऊन येतात."

तर या माळातून रस्ता काढायचं ठरलं. कडेला खडीचे ढीग पडले आणि नेमकी तेव्हाच मला टिटवी दिसली. पिवळे लांब पाय, डोळ्यापुढे लालचुटूक रंग. ही बाई घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर दगडगोट्यांतच अंडी घालते. ती एका ढिगाच्या आसपास घुटमळत होती. मी चष्मा काढला, दुर्बीण लावली आणि धन्य झालो! ढिगाच्या पायथ्याशी चार अंडी! मातकट, वर काळे ठिपके.

जवळ गेलो नाही. आमच्यात शिस्त असते. अंड्यांना हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं. ही शिस्त मी काटेकोर पाळली आणि तीच मला नडली.

धावत रस्त्याच्या कामावरच्या मुकादमांकडे गेलो. गावातलाच माणूस, शांत.

"काम थांबवा! इथे टिटवीची अंडी आहेत!"

"कुठं हायत?"

"ती काय समोर! जवळ नका जाऊ!"

त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "साहेब, खडी वाटतीया."

"वाटणारच! हीच तर निसर्गाची कमाल आहे. शत्रूला ते दगडच वाटले पाहिजेत!"

"आन् मला काय वाटलं पाहिजे?"

मग मी त्यांना माळरानावर भाषण दिलं. लोक याला पडीक जमीन म्हणतात, पण इथे किती जातींचे पक्षी जमिनीवरच संसार करतात, एक रस्ता गेला तर त्यांनी जायचं कुठे, वगैरे. माणूस विरघळला. किंवा कंटाळला असेल.

"बरं, ह्या ढिगाला हात लावत न्हाई. पण पुढची गाडी कुठं खाली करू?"

मी उदारपणे पायाशी हात केला. "ही काय, इथे मोकळी जागा आहे की!"

गाडी यायला दोन-तीन दिवस होते. तोवर राखण करायची म्हणून त्याच मोकळ्या जागेत मी घरची प्लास्टिकची खुर्ची टाकली, तोंड ढिगाकडे. जेवणापुरता आणि रात्रीचा घरी, बाकी मुक्काम तिथेच.

टिटवी सारखी माझ्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडायची. टिटिव्! टिटिव्! सोसायटीतले म्हणाले, अशुभ असतं. मला मात्र त्यात कृतज्ञता ऐकू येत होती! मनात म्हणायचो, पुरे गं बाई, आभार कसले मानतेस? त्या तालावर हळूहळू डोळे मिटायचे. मग माळ पसरत पसरत खडकवासल्यापर्यंत जायचा, इमारती गवतात विरून जायच्या. ज्याला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही तो माळढोक संथपणे चालत यायचा आणि मान लववून म्हणायचा, "आपण होतात म्हणून!"

एकदा तर ती पंख जमिनीवर ओढत माझ्यासमोरून लंगडत गेली. काळजात चर्र झालं! पंख मोडला की काय? मी टॉवेल घेऊन मागे धावलो. मी जवळ गेलो की ती पुढे. अर्धा माळ पळवलं आणि खुशाल उडून गेली. आता, शत्रूला अंड्यांपासून लांब न्यायची ही तिची युक्ती असते, हे मी स्वतः शाळांमध्ये जाऊन पोरांना सांगतो. पण शत्रू कोण, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला का? छे! बरी झाली बिचारी, म्हणत मी परत येऊन खुर्चीत बसलो.

गाडी यायच्या दिवशी सुनंदा ताक घेऊन आली आणि लांबच थांबली.

"अहो, ती ढिगाकडे बघतच नाहीये."

"मग?"

"तुमच्याकडे बघतेय. आणि प्रेमाने नाही."

"काहीतरीच तुझं."

"जरा खुर्चीखाली बघा."

वाकून पाहिलं. खुर्चीच्या चार पायांच्या मधोमध, उथळ खळग्यात चार अंडी. टोकं आत करून नीट मांडलेली. माझी टाच इंचभर मागे गेली असती तर संपलंच होतं. मला दरदरून घाम फुटला. लाज तर इतकी वाटली की सांगता सोय नाही. ती आई इतके दिवस "ऊठ मेल्या, ऊठ!" म्हणून ऊर फोडत होती आणि मी माळढोकाकडून सत्कार करून घेत होतो! खुर्चीची सावली होती म्हणून त्या उन्हात अंडी शिजली नाहीत, एवढंच.

आणि तेवढ्यात खडीची गाडी रिव्हर्स घेत आली.

मी हात पसरून गाडीला आडवा गेलो. "थांबा! अंडी इथे आहेत!"

"तुमीच जागा दावली की," मुकादम म्हणाले. त्यांनी तिकडच्या ढिगाकडे पाहिलं. "मग ती काय व्हती?"

"ती... खडी."

"आन् ही खडी न्हाई कशावरनं?"

माझ्या शब्दाला आता कवडीची किंमत नव्हती. गाडीचं इंजिन धडधडत होतं, चालक खिडकीतून खेकसत होता. सुनंदाच पुढे झाली. "दादा, पाच मिनिटं इंजिन बंद करा. आपण सगळे मागे जाऊ. खरं काय ते ती सांगेल."

आम्ही पार कुंपणापाशी जाऊन उभे राहिलो. माळ एकदम गप्प झाला. वारा गवतातून सरकत होता. टिटवी लांब उतरली. चार पावलं चालली, थांबली. पुन्हा चालली. खुर्चीशी आली, मान वळवून एकदा आमच्याकडे पाहिलं आणि अलगद, पोटाची पिसं फुलवून, अंड्यांवर बसली. माझे डोळे भरून आले. मुकादमांनी हातानेच गाडी मागे घ्यायला सांगितली.

खुर्ची आम्ही तिथेच राहू दिली. पुढे चारही पिल्लं निघाली आणि कापसाच्या बोळ्यांसारखी गवतात पळाली.

इथे संपलं असतं तर काय हवं होतं! पण माळ वाचवायचा म्हणून आमच्या गटाने सोसायटीच्या हॉलमध्ये सभा घेतली. पडद्यावर मोठा मथळा आला, "माळरानातील पक्ष्यांना असलेला मुख्य धोका". मला वाटलं, आता जेसीबी दिसणार. दिसलो मी! खुर्चीत, टोपी डोळ्यांवर, तोंड उघडं, गाढ झोपेत, आणि वर पंख पसरून किंचाळणारी टिटवी. सुनंदाने त्या दिवशी ताक देण्याआधी काढलेला फोटो.

हॉलभर हशा पिकला. मागून कुणीतरी गंभीरपणे विचारलं, "हा धोका कायमचा हटवता येईल का?"

पहिल्या रांगेतून आमच्या हिने मागे न बघता उत्तर दिलं, "लग्नापासून प्रयत्न करतेय. खुर्चीतून उठतच नाही."