सुईवालीचा हात

आयुष्यभर तिने सुई चालवली, पण कापडाला टाका म्हणून घातला नाही. तिचं काम दगडाशी. डोंगरातून खणून आणलेली जुनी हाडं दगडात रुतलेली असत. भिंगाखाली सुईच्या टोकाने दगड कणाकणाने काढायचा आणि हाडाला ओरखडा उठू द्यायचा नाही. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत सगळे तिला सुईवालीच म्हणत.

थंडीत तिचा उजवा हात कापू लागला. आधी कपबशी वाजायची, मग सुईचं टोकही नाचायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ती मनगट वाळूच्या पिशवीवर दाबून ठेवी, आणि कुणी दारात आलं की सुई टाकून भिंग पुसत बसे. हे काम गेलं तर दुसरं येतंय काय आपल्याला?

अशात तो जबडा आला. लाखो वर्षांपूर्वीचा, माणूस अजून पुरता माणूस झाला नव्हता तेव्हाचा.

"दात पडलेले दिसतात, पण हाडात त्यांच्या खाचा असतील. जपून मोकळ्या करा," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

दगड निघाला, खाली हाड लागलं. खाच नाही. ती पुढे सरकली. तिथेही गुळगुळीत. हात घसरून आपणच खाचा घासून टाकल्या की काय? झाडलेला चुरा तिने पुन्हा पुन्हा भिंगाखाली धरला. दिसे नुसता दगडच, पण चोराच्या मनात चांदणं.

मॅडमनी जबडा पाहिला. मग भिंगाखाली पुन्हा फिरवून पाहिला. सुईवालीने मुठी कोटाच्या खिशात कोंबल्या.

"खाचा नाहीत."

"मी... जपूनच केलं, मॅडम..."

"अहो, नव्हत्याच म्हणते मी! दात जिवंतपणी पडले आणि हाड वर भरून आलं. त्याला पुष्कळ काळ लागतो. म्हणजे ही म्हातारी दातांवाचून जगली. कुणी मऊ करून घातलं असेल, कोण जाणे. आता दुसरी बाजू. ती अगदी कागदासारखी पातळ आहे. तुमच्याच हाताला जमेल."

जबड्याचा घोर मिटला, हाताचा दुप्पट झाला.

संध्याकाळी सासूबाईंच्या बोळक्या तोंडात कुस्करलेला बटाटा भरवताना तिने ही हकिकत सांगितली.

"म्हणजे तिलाही सून होती म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. "मीठ तरी नीट घालत होती का, विचार तुझ्या मॅडमला."

सुईवाली हसली आणि चमचा सासूबाईंच्या हनुवटीवर सांडला.

"दात नाहीत मला, डोळे आहेत. हात कधीपासून कापतोय?"

"थंडीपासून."

"तिथे सांगितलंस?"

"काढून टाकतील, आई."

"आणि हाड मोडलंस तर काय हार घालतील? अगं, शेवटचा दात पडला तेव्हा मीही लपवलं होतं. घास तसाच गिळायचे. एकदा घशात अडकला, तेव्हा झक मारत तोंड उघडून दाखवलं तुला. त्या तुझ्या म्हातारीनेही दाखवलंच असेल कुणाला तरी. नाहीतर उपाशी मेली असती."

सकाळी मॅडम जबड्याची दुसरी बाजू वर करून दिवा जुळवत होत्या. सुईवाली खुर्चीत बसली नाही. तिने खिशातून मूठ काढली, दिव्याखाली धरली आणि उघडली. बोटं थरथरत होती. तिने ती दाबली नाहीत.

"आधी हे बघा, मॅडम. मग सुई द्यायची की नाही ते ठरवा."

मॅडमनी हात पाहिला. मग जबडा अलगद पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा आधी," त्या म्हणाल्या.