सईच्या दुधाचा नमुना

बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या मुलीचे दूध गाय आणि म्हैस या दोन्ही वर्गांत नापास झाले. तशी छापील पावती उपलब्ध आहे.

मुलगी सई, वय सहा महिने. मी तिचा बाप. एका दैनिकात डेस्कवर उपसंपादक आहे. (शहराचे नाव आता अहिल्यानगर. बातमीत मी तसेच लिहितो, घरी तोंडात नगरच येते.) दुसऱ्यांच्या बातम्यांतल्या चुका काढण्याचा पगार मी सतरा वर्षे घेतो आहे. ही बातमी माझ्या स्वतःच्या चुकीची असल्याने ती तपासायला कोणी नव्हते.

माझी बायको स्नेहल बँकेत आहे. तिची बाळंतपणाची रजा संपत होती आणि शुक्रवारी तिला कामावर हजर व्हायचे होते. रजा एकदा वाढवून झाली होती. दुसऱ्यांदा वाढवण्याचा विषय काढला तेव्हा तिचे साहेब फोनवर इतके गोड बोलले की तो विषय तिने पुन्हा काढला नाही. सईला कुठेतरी ठेवणे भाग होते. आमच्या भागात वर्षाच्या आतली बाळे फक्त रूथमावशींचे पाळणाघर घेते, आणि तेही दोनच. रूथमावशी निवृत्त नर्स. त्यांच्याकडे एक जागा रिकामी झाली होती. सोमवार ते गुरुवार चाचणी, शुक्रवारी निर्णय.

"चाचणी बाळाची नसते," त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले. "बाळं सगळी चांगलीच असतात. चाचणी आईबापांची."

त्याच जागेसाठी दुसरे उमेदवारही होते. जामखेडहून बदली होऊन आलेले एक गुरुजी मुलाला कडेवर घेऊन रोज सकाळी पाळणाघराच्या दारात येत आणि नम्रपणे विचारत, "मावशी, काही हालचाल?"

आता दुधाविषयी. स्नेहल दिवसातून चार वेळा छोट्या मशीनने दूध काढून ठेवायची. पुढचे सगळे खाते माझ्याकडे. बाटल्या धुणे, उकळणे, स्वच्छ फडक्यावर पालथ्या घालून सुकवणे, भरणे, फ्रीजच्या दारात न ठेवता आत मागे ठेवणे, आधीचे आधी वापरणे, आणि सकाळी बर्फाच्या पाकिटासह निळ्या पिशवीत भरणे. या सहा महिन्यांत मी वाफेच्या पलीकडून जग पाहिले आहे. एकदा ऑफिसात चहाचा कप धुतल्यावर मी तो उकळायला ठेवला होता.

चूक होऊ नये म्हणून प्रत्येक बाटलीवर मी लेबल लावत असे: वार, वेळ, मिलिलिटर.

"बायलाइनही टाक की," स्नेहल म्हणाली. बायलाइन म्हणजे बातमीवरचे लिहिणाऱ्याचे नाव. मी ती टाकली नाही. टाकायला हवी होती.

रविवारी आबा आले. आबा माझे वडील. राहाता तालुक्यातल्या आमच्या गावात दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर ते तीस वर्षे सचिव होते. गावाचे दूध त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय टँकरमध्ये गेले नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी त्यांनी सख्ख्या मेहुण्याची कॅन पाणी निघाले म्हणून परत पाठवली होती. (मामा पुढे चार वर्षे आमच्याकडे जेवले नाहीत.) निवृत्त झाल्यावर केंद्राच्या किल्ल्या त्यांनी दिल्या, पण दुधातले पाणी पकडणारे स्वतःचे लॅक्टोमीटर दिले नाही. ते पायमोज्यात गुंडाळून प्रवासातही सोबत असते. काही लोक रक्तदाबाच्या गोळ्या नेतात तसे.

आल्या आल्या आबांनी विचारले, "लेकराला दूध कुठलं?"

सुनेच्या दुधाचा विषय सासऱ्यासमोर काढायची आमच्या घरात पद्धत नाही. ती मोडणारा पहिला माणूस होण्याची माझी तयारी नव्हती.

"चांगलं आहे, आबा. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"पिशवीचं का सुट्टं?"

"बाटलीतलं."

दोन्ही उत्तरे खरी होती.

रात्री आबांनी पुन्हा विचारले, "आन् ती मोटर कसली वाजती आतल्या खोलीत?"

"मानेचं मशीन आहे."

हे उत्तर खोटे होते.

"लई दुखती व्हय मान?" आबा हळहळले. "दिसातनं चार बारी लावती पोर. चांगला डाक्टर बघा."

सोमवारी स्नेहलने मला विचारले, "आबांना दुधाचं सांगितलंस ना?"

"सांगितलं."

(बातमी दोन ठिकाणांहून पडताळून घ्यावी असा आमच्या धंद्याचा नियम आहे. स्नेहल बँकेत आहे.)

सोमवार, मंगळवार सुरळीत गेले. बुधवारी स्नेहल कुठल्याशा कागदासाठी सकाळीच बँकेत गेली. साडेनऊला मी सईला घेऊन निघालो. सोबत लंगोट, दोन जोड कपडे, टोपडे, दुपटे, खुळखुळा आणि जादा खुळखुळा. पाळणाघराच्या दारात मावशींनी एकेक वस्तू तपासून घेतली आणि विचारले, "दूध?"

निळी पिशवी घरी ओट्यावर होती.

"बाळाचे दोन खुळखुळे आणलेत," मावशी म्हणाल्या, "आणि दूध आणलं नाहीत."

गुरुजी दारातच होते. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि एक पाऊल आत टाकले.

मी घरी फोन लावला. "आबा, ओट्यावर निळी पिशवी आहे. रिक्षा करून घेऊन या. लगेच."

"काय हाय तिच्यात?"

"सईचं दूध."

"बरं. बघून आनतो."

यातला 'बघून' हा शब्द माझ्या कानावरून गेला.

घरापासून पाळणाघर रिक्षाने दहा मिनिटे. आबा पन्नास मिनिटांनी पोचले. मधल्या चाळीस मिनिटांचा तपशील आबा, डेअरीवाला आणि रिक्षावाला यांच्या स्वतंत्र सांगण्यावरून जुळवला आहे.

आबांनी पिशवी उघडली. आत तीन बाटल्या होत्या. आईचे दूध फ्रीजमध्ये ठेवले की साय वर येते आणि खाली पातळसर, निळसर दूध राहते. तसेच असायला हवे. तीस वर्षांच्या अनुभवाला मात्र त्यात एकच गोष्ट दिसली. आबांनी बाटली उजेडात धरली. अंगठ्याच्या नखावर एक थेंब टाकला. थेंब घसरला. त्यांनी पायमोज्यातून लॅक्टोमीटर काढले. एका बाटलीत ते बुडेना, म्हणून दोन बाटल्या तांब्यात एकत्र ओतल्या. तरीही पुरेना. शंका राहिली तर मशीनवर तपासावे, असा केंद्राचा नियम. आबांनी तांब्यावर झाकण ठेवले, रिक्षा केली आणि ती डेअरीवर नेली.

डेअरीतल्या तपासणी मशीनला दोन बटणे आहेत. आबांनी गायीचे दाबायला लावले. फॅट पास, बाकी सगळे नापास. म्हशीचे दाबायला लावले. अधिकच नापास! डेअरीवाल्याने शेळीची शंका काढली, पण शेळीचे बटण नव्हते. तपासलेला नमुना पुन्हा दुधात मिसळायचा नाही, हा दुसरा नियम. त्यामुळे दोन बाटल्यांचे दूध डेअरीच्या मोरीत गेले. तिसऱ्या बाटलीच्या तोंडावर कागद लावून रबरबँड घालण्यात आले आणि कागदावर आबा व डेअरीवाला या दोघांनी सह्या केल्या.

इकडे सईचा आवाज पहिल्या गिअरमधून चौथ्यात गेला होता. मावशींनी तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घातल्या, मी दोन्ही खुळखुळे एकदम वाजवले. गुरुजींचा मुलगा शांत होता. तो इतका शांत होता की मला त्याचा राग आला.

"शुक्रवारी बाळाची आई कामावर असणार," मावशी घड्याळाकडे बघून म्हणाल्या. "त्या दिवशी असं झालं तर मी काय पाजू? तुमचा पेपर?"

"मावशी, पुन्हा होणार नाही."

"एकदा तरी कसं झालं, ते सांगा."

तेवढ्यात रिक्षा थांबली. आबा उतरले. एका हातात पावती, दुसऱ्या हातात सीलबंद बाटली, आणि काखेत अर्धा लिटर दुधाची नवी पिशवी.

"कोन घालतंय तुला दूध?" उंबऱ्यातूनच आबा गरजले. "नाव सांग!"

"आबा, आधी बाटली द्या."

"बाटली न्हाई मिळायची. त्यो नमुना हाय. उद्या पुरावा लागंल."

"आबा, सई रडतेय!"

"रडंल न्हाईतर काय! पानी पाजताय लेकराला! गायीत बसंना, म्हशीत बसंना. ह्ये घे, मी चोख म्हशीचं आनलंय."

मावशी पुढे झाल्या. "वर्षाच्या आतल्या बाळाला इथे वरचं दूध मिळत नाही. नियम आहे."

"मग बाटलीत काय हाय? त्ये बी वरचंच की!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मावशी, आबा, गुरुजी, एक मुलाला सोडायला आलेली आई, आणि गुरुजींचा शांत मुलगा. ती एक ओळ सांगायला मला फार तर पाच शब्द लागले असते. सतरा वर्षांच्या नोकरीने ऐनवेळी मला भलतीच भाषा पुरवली.

"आबा, सदर दूध हे... घरगुती स्वरूपाचे आहे."

"घरी गाय पाळली का काय तुमी? तिसऱ्या मजल्यावर?"

"तसं नाही. ते विश्वसनीय सूत्राकडून मिळालेलं आहे."

"त्याच सूत्राचं नाव इचारतोय मी! त्याला आज सोडत न्हाई!"

मावशींनी सईला माझ्या हातात दिले, पदर खोचला आणि वॉर्डात बोलावे तशा स्वच्छ आवाजात सांगितले, "आबा, ते तुमच्या सुनेचं दूध आहे. अंगावरचं. पोरगी कामावर जाणार, म्हणून काढून ठेवते."

गुरुजींनी खाली बघितले. मुलाला सोडायला आलेल्या आईने तोंडावर ओढणी धरली. (ती हसत होती. नंतर खात्री केली.)

आबांनी पावतीकडे पाहिले. तिची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली आणि ती खिशात ठेवली. मग बाटलीचा रबरबँड स्वतः काढला, सह्यांचा कागद काढला आणि देवाचे तीर्थ द्यावे तशी ती बाटली दोन्ही हातांनी मावशींना दिली.

मावशींनी ती कोमट पाण्यात धरली, हळूच फिरवली आणि सईच्या तोंडाला लावली. नव्वद मिलिलिटर दूध सईने न थांबता संपवले. तेवढा वेळ आबा भिंतीकडे तोंड करून नियमांचा बोर्ड वाचत होते. बोर्डावर नऊ नियम आहेत. आबांनी ते तीनदा वाचले असावेत.

"मानेचं मशीन म्हंजी..." ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले.

"हो."

"हां."

मावशी म्हणाल्या, "बाळाला आता घरी न्या, पुढचं दूध इथे नाहीये. उद्या या. निर्णय शुक्रवारी, ठरल्याप्रमाणे."

"म्हणजे शुक्रवारी मीही येऊ ना?" गुरुजींनी विचारले.

"या."

दुपारी स्नेहल घरी आली. मी तिला सगळे सांगितले, या वेळी शुद्ध मराठीत. दोन बाटल्या मोरीत गेल्याचे ऐकल्यावर ती खुर्चीवर बसली.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. "अरे, एकशे ऐंशी. काल पहाटे बसून काढलेलं होतं ते."

मी बाटल्या पातेल्यात उकळायला ठेवल्या.

"आणि शुक्रवारी जागा नाही मिळाली तर? तू राहणार आहेस घरी?"

मी गॅस मोठा केला.

आबा गॅलरीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. दीड तास त्यांनी पान उलटले नव्हते. (ते आमचेच वर्तमानपत्र होते. त्यात दीड तास वाचण्यासारखे काही नसते, हे मी जबाबदारीने सांगतो.) स्नेहलने माझ्याकडून पावतीचा विषय समजून घेतला आणि गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आबा, बघू ती पावती."

वर्तमानपत्राखालून एक हात आला. स्नेहलने दोन्ही घड्या उलगडून पावती वाचली.

"फॅट तर पास आहे की, आबा."

वर्तमानपत्र हलले नाही.

"व्हय," पलीकडून आवाज आला. "फॅटला नाव ठेवाया जागा न्हाई."

"मग नापास कशात?"

"मशीनच गुरांचं हुतं, पोरी. मशीनची चूक न्हाई. आन् तुजी बी न्हाई. एक चूक हाय, ती माज्याच पोटची हाय."

स्नेहल इतकी हसली की सई उठली.

गुरुवारी पहाटे मी स्वयंपाकघरात गेलो तर पातेल्यात बाटल्या उकळत होत्या आणि आबा घड्याळ घेऊन शेजारी उभे होते. निळी पिशवी भरून दाराच्या कडीला अडकवली होती. मी तिच्याकडे हात नेला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "तू पोरगी घे. दूध माज्याकडं."

त्या दिवशी पाळणाघराच्या उंबऱ्यात आबांनी बाटल्या मोजून दिल्या आणि मावशींनी मोजून घेतल्या. दोघांनीही वेळ लिहून ठेवली.

शुक्रवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी मावशींनी सईचा प्रवेश पक्का केला. जामखेडच्या गुरुजींना पुढच्या महिन्यातली जागा देण्यात आली. स्नेहल दहाच्या आत बँकेत हजर झाली. प्रवेश अर्जात 'दूध कोण पोचवणार' असा एक रकाना आहे. त्यात मी माझे नाव लिहिले होते. मावशींनी त्यावर आडवी रेघ मारून वर आबांचे नाव लिहिले आणि खाली कंसात नोंद केली: 'वडिलांनी पिशवीला हात लावू नये.' पालकाची सही म्हणून त्याखाली माझी सही आहे.