काचेतलं ऊन आणि आत्याचं साठ

आमच्या रत्नागिरीत मे महिन्यात ऊन पडत नाही, कोसळतं. पण त्यानेही कधी ताटातलं साठ काळं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

साठ म्हणजे आंब्याचा रस ताटात ओतून, रोज वर नवा थर देत वाळवलेली पोळी. आमच्या आणि चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, अंगणामधल्या दगडी गडग्यावर एक रायवळ आंबा आहे. फळं निम्मी त्याची, निम्मी माझी. दापोलीची म्हातारी आत्या जेवण टाकून बसली होती. "माहेरच्या झाडाचं साठ आण, दोन घास जातील," म्हणाली. आणि नेमकी तिच्यासाठी अंगणात मांडलेली ताटं एका दुपारीत करपली.

दादाचंच काम! आत्याकडे त्याचं साठ आधी पोचायला हवं होतं ना. आदल्या दिवशी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची नमस्काराला वाकल्यासारखी वाकली, तेव्हाच मला वास आला होता.

"ऊन असेल हो," बायको म्हणाली.

"ऊन काय फक्त आपल्यावर डूख धरून आहे?" गुरवाला बोलावून देवाला गाऱ्हाणं घालायचं मी ठरवलं, नारळही काढून ठेवला.

पण आधी चोर रंगेहाथ पकडावा, म्हणून उरलेलं एक ताट मांडून दादाच्या घराकडे पाठ करून बसलो. मी बेसावध वाटायला हवा! समोर समुद्राकडे कललेला सूर्य, आणि भाजत होती पाठ. बनियनमधून धूर निघाला, खोटं नाही सांगत. वरून चाललेला कावळा वाट वाकडी करून गेला. वळून पाहिलं, तर दादाच्या खिडकीच्या नव्या आरशासारख्या काचांत चार-चार सूर्य.

"दादा, काचेतून ऊन सोडतोस काय माझ्यावर?"

"ऊन काय माझ्या बापाचं आहे, मेल्या?"

"मग असल्या काचा कशाला?"

त्याच्या मागून वहिनी बोलली, "बाहेरून आतलं दिसू नये म्हणून. तुमची मान सदा आमच्या खिडकीकडे, भावोजी!"

उत्तर देणार होतो, पण मान तेव्हाही तिकडेच होती.

दादाने खिडकीबाहेर गोणपाट बांधलं. पण आत्याचं काय? झाडावर आंबे उरले नव्हते. वहिनीने आपलं साठ गडग्यावरून पुढे केलं. मी हुंगलं.

"विष नाही घातलेलं."

"खाऊन दाखवा."

तिने तुकडा मोडला आणि इतक्या चवीने चघळला, की बाकीचं मी घाईघाईने पिशवीत कोंबलं.

तेवढ्यात दादा चपला घालून बाहेर.

"तू कुठे?"

"दापोलीला. तू तिथे स्वतःच्या नावावर खपवशील."

एसटीत शेजारी बसलो. पिशवीचा एक बंद त्याच्या मुठीत, एक माझ्या. आत्याच्या दारातून आत शिरलो तेही तसेच, आडवे होऊन.

आत्याने तुकडा तोंडात धरला आणि आमच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"दोघं एकत्र? काय करून आलात रे?"

आणि दुसरा तुकडा मोडला.