समोरचे पाणी

मधुकरभाऊंशी माझी ओळख झाली ती वाद घालतच. ऐंशीच्या सुमारास मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते आणि शाळा सुटल्यावर भाऊंच्या फोटो स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करू लागले होते. शोकेसमध्ये एक फोटो होता. तलावाच्या काठावर जाळे दुरुस्त करणारी एक म्हातारी अगदी कडेला बसलेली आणि बाकी सगळे पाणीच. एवढी जागा वाया का घालवली, असे मी पहिल्याच दिवशी विचारले. भाऊ म्हणाले, "थे पाण्याकडे पाहून राह्यली ना, बाई. पाणी काढलं त थे काय पाह्यते, कोणाले समजन?" मला काही ते पटले नाही.

आमच्याकडे फोटो म्हणजे दोन्ही कान दिसायला हवेत आणि हात गुडघ्यांवर. तसे फोटो भाऊ मनापासून काढत. पण आभाळ भरून आले की कॅमेरा घेऊन सायकलने रोवणीवर, भाताची रोपे लावणाऱ्या बायांकडे जात. अशा उजेडात माणूस डोळे बारीक करत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. पुढच्या बाजाराला ते फोटो त्या बायांच्या हातात स्वतः नेऊन देत.

वर्षभराने ती म्हातारी वारली. भिंतीवर लावायला तिचा मुलगा सोमाजी फोटो मागायला आला. तिचा दुसरा फोटोच नव्हता. भाऊ लग्नाच्या कामावर कोरपन्याला गेले होते, म्हणून मीच हौसेने काम अंगावर घेतले. निगेटिव्हवर पेन्सिल चालवून सुरकुत्या भरल्या, छापताना पाणी कापून टाकले आणि नुसता चेहरा मोठा केला.

सोमाजीने फोटो उजेडाकडे धरून पाहिला. "फोटो साजरा हाय जी. पण हे माही माय नाई."

मी रडकुंडीला आले. निगेटिव्ह एकच होते आणि ते मीच बिघडवले होते. परतल्यावर भाऊंनी मला एका शब्दाने दुखवले नाही. टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून त्यांनी माझी पेन्सिल हलक्या हाताने पुसली आणि पाण्यासकट पूर्ण फोटो काढून दिला. सोमाजीने रिकाम्या पाण्यावर बोट ठेवले. "मी इकडूनच डोंगा घेऊन येऊन राह्यलो होतो. माय माहीच वाट पाह्यत होती."

तेव्हापासून मी चौकट कापताना दोनदा विचार करते.

यंदा भाऊंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरव अंकासाठी त्यांचा फोटो काढण्याचे काम सत्कार समितीने माझ्यावर सोपवले आणि 'जरा तरुण दिसू द्या' असेही सुचवले. मी भाऊंना स्टुडिओच्या दारात, रस्त्याकडे पाहत बसवले आहे. समोरचा रस्ता पूर्ण ठेवला आहे आणि पेन्सिल लावलेली नाही. भाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांच्या चेहऱ्यावर आणखी पुष्कळ सुरकुत्या पडोत. त्यातली एकही मी पुसणार नाही.