सहा कोनांचं ठिगळ

“माझ्या हाताचा जोड सुटत नाही.”

हे वाक्य तो उगाच उधळायचा नाही. गवंडी शेवटची वीट ठेवून थापी पुसतो, तसं काम संपल्यावर हात पुसता पुसता म्हणायचा. गिऱ्हाइकानं विचारावं, “पुन्हा हवा गेली तर?” की हे वाक्य ठरलेलं. बायको कधी कधी गळक्या छपराकडे बोट दाखवून म्हणायची, “मग हे हो?” तो वर न बघताच सांगायचा, “ते माझ्या हातचं नाही. मी बांधलं असतं तर पावसाला दुसरं घर शोधावं लागलं असतं.”

त्यावरूनच लोक त्याला जोडवाला म्हणू लागले. तीन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर, पत्र्याखाली, एकतीस वर्षं त्याचं पंक्चरचं दुकान होतं. पाण्याची एक कढई, हवेची टाकी, आणि बसायला जुन्या टायरांचीच उतरंड. इतर पंक्चरवाले ठिगळ गोल कापतात, कारण गोल कापायला डोकं लागत नाही. हा सहा कोन कापायचा. प्रत्येक कोन कानशीनं घासून इतका पातळ करायचा, की बोट फिरवलं तरी ठिगळ कुठं संपलं आणि टायर कुठं सुरू झाला ते कळू नये. लांबचे ट्रकवाले टायर उलटा करून ते सहा कोन बघायचे आणि म्हणायचे, “हा तिठ्यावरचा.” त्याला त्या ओळखीचा फार अभिमान वाटायचा.

पुढं रस्ता रुंद झाला, पत्रा उतरला, दुकान गेलं. तेव्हा त्याची मुलगी जुन्या टायरांच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत लागली होती. तिनं शब्द टाकला आणि जोडवाला साठाव्या वर्षी निवडीच्या कामावर आला.

कारखान्याचं काम सांगायला सोपं होतं. जुने टायर यायचे, त्यांतली तार ओढून काढायची, तुकडे करायचे आणि बंद भट्टीत वाऱ्याचा शिरकाव न होऊ देता तापवायचे. तेल धूर होऊन वेगळं निघायचं आणि मागं उरायची काळी, हलकी राख. ती धुऊन, दळून, पुन्हा तापवून अशी बारीक करायची, की चिमटीत घेतली तर चिमूट रिकामी आहे असं वाटावं. ही पूड विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटरीत जायची. जोडवाल्याला याचं अप्रूप होतं. “म्हणजे जन्मभर रस्त्यावर घासलेला टायर,” तो मुलीला म्हणाला, “आता गाडीच्या पोटात जाऊन तिला पळवणार?”

“हो बाबा. फक्त स्वच्छ हवा.”

स्वच्छतेसाठीच निवड होती. टायर कापायला जाण्याआधी तीन माणसं आतून हात फिरवायची. ठिगळ सापडलं की सुरीनं उचकटायचं, खाली काय आहे ते बघायचं आणि तेवढा भाग कापून टाकायचा. खिळा, तार, पत्रा असं काहीही निघायचं. लोखंड पुढं चुंबक धरतं, पण जे चुंबकाला लागत नाही ते याच हातांनी धरायचं. तिघांत एक जोडवाला, एक उंच्या नावाचा लांबलचक माणूस आणि एक चष्मेवाली बाई. चष्मेवालीची भिंगं जाड होती. त्यावरून उंच्याच्या तोंडाला दिवसभर खाद्य मिळायचं.

जोडवाल्याचा हात मात्र बघण्यासारखा. गाभण म्हशीच्या पोटावरून जाणता हात फिरावा, तसा तो टायरच्या आतून फिरायचा. दुसऱ्यांची ठिगळं उचकटताना तो पुटपुटायचा, “काय हे, भिंतीला कागद चिकटवल्यासारखं.” आणि अधूनमधून बोटांना सहा कोन लागायचे. मग तो थांबायचा. कुठल्या कुठल्या रस्त्यांनी फिरून, झिजून, टक्कल पडून टायर परत त्याच्यापाशी आलेला असायचा आणि ठिगळ जागच्या जागी. तो त्यावर दोन थापट्या मारायचा आणि टायर पुढं ढकलायचा. न उघडता. स्वतःच्या हातचं काय उघडून बघायचं!

वर्षभर असं चाललं. मग एक दिवस बॅटरीवाल्यांनी पुडीची अख्खी खेप परत पाठवली.

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली ती पायांतल्या चपला न काढताच खाली बसली. “पुडीत शिसं निघालं, बाबा. शिसं कुठून येईल टायरात?”

जोडवाला पाण्याचा तांब्या तोंडाला लावत होता. तो तसाच राहिला.

शिसं. अवजड ठिगळ बसवलं की चाक एका बाजूला जड होतं आणि वेगात थरथरतं. दुसरे पंक्चरवाले म्हणायचे, होईल सवय. याला ते खपायचं नाही. तो समोरच्या बाजूला शिशाचा चपटा केलेला तुकडा ठेवायचा आणि त्यावर दुसरं ठिगळ, तेही सहा कोनांचं, इतक्या सफाईनं बसवायचा, की आत काही आहे हे टायरलाही कळू नये. हीच त्याची खुबी होती. ती कुणाला सांगितली नव्हती. आणि इतकी वर्षं झाल्यावर, थापट्या मारताना, त्याची त्यालाही आठवण राहिली नव्हती.

“काय झालं?” मुलीनं विचारलं.

“ठसका लागला,” तो म्हणाला. पाणी अजून प्यायलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिघांना उभं केलं. “कुणाच्या हातून गेलं?”

“हाताचं काय विचारता,” उंच्या म्हणाला, “चष्म्याला विचारा.”

सगळे हसले. जोडवालाही हसला. ते हसू तोंडातून निघालं आणि त्याला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. पुढं कितीतरी दिवस ते ऐकू येत राहिलं.

चष्मेवाली हसली नाही, रडलीही नाही. “असेल,” ती म्हणाली. “माझ्याच नजरेतून सुटलं असेल.” मुकादमानं तिला झाडलोटीवर टाकलं आणि महिनाअखेरीपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आठ दिवस जोडवाला गप्प राहिला. उद्या सांगू, म्हणायचा. उद्या उजाडला की मुलीचं तोंड आठवायचं. बापासाठी शब्द टाकणारी ती. तिनं तपासणीच्या खोलीत कुठं तोंड लपवायचं? असं तो मनाला समजवायचा. पण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. मुलीचं नाव पुढं करून तो स्वतःचं वाक्य वाचवत होता. आता सहा कोन बोटांना लागले, की तो टायर गुपचूप ढिगामागं नेऊन टाकायचा. उघडायचा धीर नव्हता, आणि पुढं ढकलायची छाती उरली नव्हती.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाली त्याच्यापाशी आली. हातात झाडू तसाच.

“भाऊ, एक मागू?”

“काय?”

“तुम्ही या कामातले जाणते. माझं चुकतं कुठं ते दाखवता का? म्हणजे जाताना मुकादमाला सांगेन, पुन्हा एकदा हात बघा माझा. घरी एकटी मिळवती आहे मी.”

त्याला पळून जावंसं वाटलं. पण “डोळे मिटा,” तो म्हणाला. “नजरेचं काम नाही हे. बोटांनी हळूहळू जा.”

तिनं ढिगामागचाच एक टायर ओढला, त्यानं लपवलेला. डोळे मिटले. बोटं फिरत गेली आणि एका जागी थबकली. जिथं मुकादमाचा हात, उंच्याचा हात सरळ घसरून गेला असता, तिथं ही बाई थबकली.

“आहे,” ती म्हणाली. “इथं आहे काहीतरी.” डोळे उघडून ती टायरात वाकली. “अगं बाई! सहा कोन. कुणी कापलं असेल हो इतकं देखणं? उघडू?”

“उघडा.”

तिनं सुरी घातली. कोन हलेना. तिनं जोर लावला, सुरी निसटली. तिसऱ्यांदा घातली. मग घाम पुसत हसून म्हणाली, “सुटतच नाही हो भाऊ. काय जोड आहे!”

जन्मभर हे ऐकायला कान आसुसलेले होते. आता कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. त्यानं तिच्या हातातली सुरी घेतली. कुठल्या कोनातून उघडतं ते जगात त्या एकालाच ठाऊक होतं. सुरी डावीकडून घातली, अंगठा दाबला, आणि ठिगळ सालीसारखं निघालं. खाली करड्या रंगाचा चपटा तुकडा होता.

चष्मेवालीनं तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं.

“माझं आहे,” तो म्हणाला. “सगळी माझीच. मला त्या दिवशीच कळलं होतं. आणि मी हसलो.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तो तुकडा त्याच्या तळहातावर परत ठेवला आणि झाडू उचलला.

तो तसाच तपासणीच्या खोलीत गेला. मुकादम तिथंच होता. मुलीच्या टेबलावर त्यानं तुकडा ठेवला आणि उभ्यानं सगळं सांगितलं, ठिगळापासून हसण्यापर्यंत. मुलगी बापाकडे न बघता त्या शिशाकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“बाबा, आठ दिवस?” ती एवढंच म्हणाली.

“आठ दिवस.”

मुकादमानं टोपी काढली, पुन्हा घातली. “काका, बाईला जागेवर घेतो. तुमचं... अहो, चूक कुणाच्याही हातून होते.”

“चूक झाली ती हाताची,” जोडवाला म्हणाला. “गप्प बसलो ते हाताचं नाही. मला तीन दिवस द्या.”

त्या तीन दिवसांत त्यानं आवारातला अख्खा ढीग उपसला. सहा कोनांची ठिगळं स्वतःच्या हातानं सोडवली. उंच्या मुकाट्यानं टायर उचलून देत होता; त्याचीही जीभ त्या दिवसांत आखडली होती. एका बाजूला चष्मेवाली बसायची. जोडवाला तिला दाखवायचा, “डाव्या कोनातून. अंगठा असा.” दुसऱ्या दिवशी ती त्याच्याइतकीच सहज सोडवू लागली. तिसऱ्या दिवशी एक टायर त्यानं तपासून सारला होता, त्यातून तिनं त्याच्या हातून सुटलेलं एक ठिगळ काढलं. त्यानं ते पाहिलं आणि मान हलवली.

शेवटी त्यानं खडूनं भिंतीवर सहा कोन काढले आणि खाली लिहिलं: ‘हे लागलं की उघडा.’ मग शिशाचे तुकडे डब्यात भरून मुलीच्या टेबलावर ठेवले आणि सुरी चष्मेवालीच्या पुढं.

“उद्या येणार ना, भाऊ?” तिनं विचारलं.

तो हात पुसत होता. सवयीनं तोंड उघडलं, ते वाक्य ओठांपर्यंत आलं, आणि तो ते गिळून फाटकाकडे वळला.

मुलगी खिडकीशी आली होती. त्यानं मागं वळून पाहिलं तर काय करायचं ते तिला कळेना, म्हणून ती काचेपासून मागं सरली. त्यानं वळून पाहिलं नाही. रस्ता लांब आणि सरळ होता. चष्मेवालीनं चष्मा काढून पदराला पुसला आणि तसाच हातात ठेवला. तिची भिंगं जवळचं बघायची होती; लांबचं तिला पहिल्यापासून स्वच्छ दिसायचं. वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत ती उभी होती.