कोन्बुसानची माणसं

कोन्बुसानचं खरं नाव मला ती गेल्यावर कळलं. हे सांगितलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात. बघू देत. सात वर्षं दर रविवारी जिच्या शेजारी बसले तिचं नाव मी विचारलं नाही, कारण आमच्यात ते विचारतच नाहीत. ॲनिमेच्या, म्हणजे कार्टून मालिकांच्या, वेडापायी जमलेली माणसं एकमेकांना इंटरनेटवरच्या टोपणनावांनी ओळखतात. नाव, नोकरी, घर, लग्न यांच्या चौकशा करणारा आमच्यात अडाणी समजला जातो. मी टॅक्सी चालवते म्हणून मी मीटर. चाळिशीचा एक गृहस्थ आठवडाभर खोलीबाहेर पडत नाही, तो मोगुरा, म्हणजे बिळातला प्राणी. मासळीबाजारात बर्फाच्या पेट्या उचलणारा एक आडदांड गडी स्वतःला हिमे म्हणवतो, म्हणजे राजकन्या. त्याला कोणी हसलं तर तो खुशाल हसू देतो.

आणि कोन्बुसान; 'सान' आम्ही मानाने जोडतो. कोन्बु ही समुद्रातली वनस्पती, सुकवून रश्शात उकळतात. हे कसलं नाव घेतलंत म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "अगं, सगळी चव तिची असते, आणि वाढायच्या आधी तिला काढून टाकतात. मला आवडते ती." असं बोलून लगेच दुसऱ्याच्या वाटीत काहीतरी वाढायला लागली. शाळेच्या स्वयंपाकघरात ती पंधरा वर्षं आठशे पोरांचं जेवण रांधत होती. एवढं मात्र तिने आपणहून सांगितलं होतं.

आमच्या काजियुरा बंदरात मासळी डबाबंद करायचा एक कारखाना आहे, कधीचा बंद पडलेला. 'खारगल्लीतले चौघे' या ॲनिमेत तोच कारखाना काढला होता, गंजलेल्या फाटकासकट. त्यात चौघं राहतात: एक म्हातारी पाकीटमार, कुस्ती सोडलेला एक मल्ल, बायकांचे कपडे घालणारा एक न्हावी आणि घरातून पळालेली शाळकरी पोरगी. कोणाचं कोणाशी रक्ताचं नातं नाही. भांडतात, एकमेकांचे मोजे चोरतात, आणि जेवायला मात्र एकत्र बसतात. बस, एवढीच गोष्ट. पण ती बघून जपानभरची माणसं गाड्या बदलून बदलून आमच्या त्या फाटकाशी फोटो काढायला यायची. गावकऱ्यांना वाटायचं, यांना काय वेड लागलंय.

एका रविवारी सकाळी त्या फाटकाशी आम्ही चौघं अनोळखी उभे होतो. हिमे हमसून हमसून रडत होता. आमच्यातली एक ठेंगणी बाई पुढे आली आणि पिशवीतून भाताचे चार गोळे काढून तिने आम्हाला एकेक दिला.

"चारच कसे आणलेत?" मी विचारलं.

"त्या चौघांच्या दारात ठेवायला आणले होते," ती म्हणाली. "पण ते काही खाणार नाहीत. तुम्ही खा. आणि काय गं राजकन्ये, तू सकाळपासून उपाशी दिसतेस."

तिला त्याचं टोपणनाव माहीत होतं. आम्ही सगळेच इंटरनेटवरच्या एकाच पानावर रोज बडबडत होतो, हे तिथे उलगडलं. तेव्हापासून रविवारी दहा वाजता स्टेशनजवळच्या कराओकेची सात नंबरची खोली आमची. तिथला पडदा मोठा असतो, आणि गाणं नाही म्हटलं तरी कोणी हाकलत नाही.

शेवटच्या भागात त्या पोरीचा खरा बाप कागदपत्रं घेऊन येतो आणि तिला घेऊन जातो. तिघं दारात उभे राहतात, संपलं. त्या आठवड्यात आमच्यात जी भांडणं पेटली ती विचारू नका. निम्मे म्हणाले, शेवटी रक्त ते रक्त, बरोबरच झालं. निम्मे म्हणाले, आमची फसवणूक झाली. कोन्बुसानने कोणाशी वाद घातला नाही. तिने ज्यांनी ते बनवलं त्यांना रोज एक पोस्टकार्ड टाकायला सुरुवात केली. महिनाभर. प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न: 'दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कोणी वाढलं, ते दाखवा.' त्यांच्याकडून आभाराचं एक छापील कार्ड आलं. ते तिने फाडून त्यावर मुळ्याची सालं काढली.

एकदा एका संमेलनात एक शहाणा तिला म्हणाला, "आजी, ही नुसती चित्रं आहेत."

"तुझा साहेब तुला खरा वाटतो का?" ती म्हणाली. "तो तुला जेवलास का म्हणून कधी विचारतो?"

मला त्या दिवशी तिचा अभिमान वाटला होता.

या फेब्रुवारीत ती दोन रविवार आली नाही. मेसेजला उत्तर नाही. फोन नंबर कोणाकडे नव्हता, घर कोणाला माहीत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी सकाळी तिच्याच खात्यावरून चार ओळी आल्या: 'माझ्या ताईचं निधन झालं. आज अंत्यविधी घरच्यांपुरता होईल. आजवरच्या स्नेहाबद्दल आभार.' नाव नाही, जागा नाही.

मी टॅक्सी काढली. हिमे बाजारातूनच आला, रबरी बूट काढून काळे जोडे घालत. मोगुरा त्याच्या गल्लीच्या तोंडाशी वडिलांच्या काळ्या सुटात उभा होता. दिवसाउजेडी तो रविवारखेरीज प्रथमच बाहेर पडला होता. गावात अंत्यविधीचं सभागृह एकच. बाहेर पाटी होती, 'ओचि परिवार'. आत शिरलो, शोकाच्या वेळी देतात ती पैशांची पाकिटं दिली, रांगेत उभं राहून उदबत्ती वाहिली. हिमेने जो टाहो फोडला, त्याने सगळी बसलेली मंडळी मागे वळून बघायला लागली. मग मी मान वर करून फोटो बघितला. फोटोत नव्वदीची एक आजी मंद हसत होती.

"हिमे," मी दबक्या आवाजात म्हटलं, "ही आपली नव्हे."

तोवर त्या आजीचा मुलगा डोळे पुसत आमच्याजवळ आला होता. "आईसाठी इतकं कोणी रडलं नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही तिला कुठे भेटला होतात?"

काय सांगणार? हिमेने खाली वाकून वाकून नमस्कार घातले. "आज भेटलो," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पाकिटं परत मागायची लाज वाटली. दारातल्या बाईने सांगितलं की आज आणखी एक बाई आहे, पण विधी काही नाही, थेट स्मशानात, अकरा वाजता. घड्याळात सव्वाअकरा झाले होते. डोंगराच्या रस्त्याला मी गाडी कशी हाणली ते मला विचारू नका.

पोचलो तेव्हा दाहिनीचं दार लागलं होतं. शेजारी छोटी पाटी होती: इसोबे कायो. मी ते नाव दोनदा वाचलं. मला ते कोणा परक्या बाईचं वाटलं आणि त्याचा भयंकर राग आला, माझा मलाच.

प्रतीक्षेच्या खोलीत एकच माणूस होता. साठीच्या आतला, नीट इस्त्रीचा सूट, हातात तयार चहाचा डबा.

"तुम्ही कोण?" त्याने विचारलं.

"कोन्बुसानची माणसं."

त्याला उलगडा व्हायला वेळ लागला. "म्हणजे त्या फोनमधले. ताई नवीन वर्षाला फोन करायची, तेव्हा म्हणायची, रविवारी मी माझ्या माणसांकडे जाते. मला वाटलं, कुठल्या बुवाच्या पंथात शिरली."

"शिरलीच होती," मी म्हटलं. "कार्टूनच्या."

"कार्टून." त्याने डबा खाली ठेवला. "बासष्ट वर्षांची बाई."

"मी सत्तावन्नची आहे. पुढे बोला."

"हे घरच्यांपुरतं आहे. मी स्पष्ट लिहिलं होतं."

"वाचलं ना. म्हणून तर आलो."

तो लाल झाला. म्हणाला, तिच्याबद्दल तुम्हाला माहीत तरी काय आहे, तुम्हाला तिचं नावही माहीत नाही. ते वर्मी लागलं. पण मी उठले नाही. हिमे आणि मोगुराही उठले नाहीत. सव्वा तास आम्ही चौघं समोरासमोर बसून राहिलो.

मग पांढऱ्या हातमोज्यातला कर्मचारी बोलवायला आला. अस्थी उचलायची वेळ झाली होती. आमच्याकडे दोघांनी मिळून एक हाड उचलायचं असतं, दोघांनी आपापल्या काड्यांनी धरून, आणि कलशात ठेवायचं. पायांपासून सुरुवात, म्हणजे माणूस कलशात नीट उभा राहतो. कर्मचाऱ्याने भावाला काड्या दिल्या. मग आमच्याकडे पाहून विचारलं, "हे नातेवाईक?"

"नाहीत," भाऊ म्हणाला. "त्यांना बाहेर थांबू द्या. माझ्यासोबत तुम्हीच धरा."

कर्मचाऱ्याने सवयीने काड्या उचलल्या.

"ठेवा त्या खाली," मी म्हटलं.

"बाईसाहेब, नियम आहे की—"

"तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही दिवसाला चार उचलता. पण या बाईने सात वर्षं मला गरम भात खाऊ घातलाय. हा गडी बाजारातून उपाशी येतो म्हणून त्याचा गोळा मोठा असायचा. हा दुसरा आठवडाभर कोणाशी बोलत नाही, त्याला ती पहिला प्रश्न विचारायची तो 'काय जेवलास' हा. तिला परक्याच्या हातून उचललेलं मी बघणार नाही. मला धक्के मारून काढायचं असेल तर काढा, मी तिच्या नावाच्या पाटीला धरून बसेन." आणि भावाला म्हटलं, "तुम्ही तिच्या हातचं शेवटचं कधी जेवलात?"

त्याने अस्थींच्या ट्रेकडे पाहिलं.

"अठरा वर्षं झाली," तो म्हणाला. "नवऱ्याला सोडून ती बॅग घेऊन माझ्या दारात आली होती. त्या रात्री तिनेच स्वयंपाक केला. सकाळी मी तिला स्टेशनवर नेलं आणि नवऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं. ती तिकडे गेलीच नाही. मधल्या स्टेशनवर उतरली, आणि ती कुठे राहते ते मला आठ वर्षांनी कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी वाढलं, असं विचारणारी ती पोस्टकार्डं मला तिथे उभ्या उभ्या कळली. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. त्याला धरून हलवावंसं वाटलं. पण त्याच्या हातातल्या काड्या एकमेकींवर आपटून टकटक वाजत होत्या, आणि तिची आणखी कोणी माणसं या जगात नव्हती. मी कर्मचाऱ्यासमोरच्या काड्या उचलल्या. भावाने नको म्हटलं नाही.

पायाचं पहिलं हाड आम्ही दोघांनी उचललं. मग त्याने आणि हिमेने. मग हिमेने आणि मोगुराने. राख अजून गरम होती, गुडघ्यांना धग लागत होती. हिमेचे एवढाले हात, पण त्याने एक कणही सांडला नाही.

शेवटी कर्मचाऱ्याने गळ्यापाशी असतं ते छोटं हाड पुढे केलं. आम्ही त्याला बसलेला बुद्ध मानतो.

"हे सर्वांत जवळच्या व्यक्तीने उचलायचं," तो म्हणाला.

भावाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही भावाकडे. कोणाचाच हात पुढे होईना. त्याच्या डोळ्यांत मी विनंती बघितली, पण कशाची ते मला ठरवायचं नव्हतं.

तेव्हा सकाळपासून तोंड न उघडलेला मोगुरा बोलला. "सगळ्यांनी," तो म्हणाला.

"एका हाडाला दोघंच," कर्मचारी म्हणाला. "चौघांनी धरलं तर तुटेल. फार नाजूक असतं."

"तुटलं तर तुटलं," मी म्हटलं. "धरा रे."

चार जोड काड्या अंगठ्याएवढ्या हाडाभोवती टेकल्या. कर्मचाऱ्याने डोळे मिटून घेतले. आम्ही उचललं आणि कलशात ठेवलं.

तुटलं नाही.