गिरणीत ऐकू येणारी मीनाबाई

कोल्हापुरात हळू बोलणारं माणूस म्हणजे एकतर आजारी, नाहीतर आतल्या गाठीचं. मीनाबाई तर चांगली धडधाकट होती.

लेकीच्या, सोनमच्या, जन्मानंतर मीनाबाईला कमी ऐकू येऊ लागलं. बहिरी माणसं ओरडून बोलतात, एवढं शहाणपण साऱ्या गल्लीला होतं. हिचा आवाज मात्र उलट खाली गेला. वर आणखी एक. घरात दहा हाका मारल्या तरी ढिम्म, आणि चमनभाईच्या पिठाच्या गिरणीत, जिथं भल्याभल्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, तिथं ही खुशाल गप्पा मारायची! सासू म्हणाली, "सोंग हाय सोंग! घरच्यांच्याच हाकंला बरी बहिरी हुती!"

नवऱ्याला, अण्णासोंना, ते पटलं. कारखान्यात लेथ मशीनवर राबून आलेला माणूस. एकच हाक पुन्हा पुन्हा कोण मारणार? त्यांनी बोलणंच सोडलं. जेवायचं तर ताटाकडे बोट, चहा हवा तर अंगठा तोंडाकडे. पुढं सासू गेली, सोनम सासरी गेली, बोट आणि अंगठा तेवढे राहिले.

आपण खरंच सोंगाडी आहोत की काय, असं मीनाबाईलाही वाटू लागलं. ओंजळभर जोंधळा असला तरी ती गिरणीवर जायची, कारण तिथं कुणीतरी तिच्याशी बोलायचं. असं एकटेपण वैऱ्यालाही येऊ नये.

नव्वदचं दशक असंच सरलं. मग सोनम बाळंतपणाला माहेरी आली. एके दुपारी न्हाणीतून बाहेर येऊन बघते, तर बाळ रडून निळं पडलेलं आणि हातभर अंतरावर पाठमोरी आजी तांदूळ निवडतेय. सोनम हादरली. नातू रडत असताना कोण सोंग करील?

राजारामपुरीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कान तपासायचा लोखंडी चिमटा वाजवून मीनाबाईच्या कानापुढे धरला. काही नाही. त्याचाच दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, तशी ती दचकली. "वाजतंय की!"

मग डॉक्टरीणबाईंनी मोठ्यानं समजावलं. आवाजानं कानाचा पडदा हलतो. त्यामागं तीन इवली हाडं; एक दुसऱ्याला हलवतं, आणि शेवटचं, घोड्याच्या रिकिबीसारखं, आतल्या पाण्याला धक्का देतं. ते पाणी शंखासारख्या नळीतले बारीक केस हलवतं आणि नस मेंदूला कळवते. "नस ठणठणीत आहे तुमची. रिकीब तेवढी जाम झालीय. स्वतःचा आवाज हाडातून आत घुमतो, म्हणून तुम्ही हळू बोलता. गिरणीत सगळेच ओरडतात, आणि घरघर तुम्हाला फारशी ऐकूच येत नाही."

"म्हंजे सोंग न्हवतं?" मीनाबाईनं विचारलं आणि तिथंच ढसाढसा रडली.

ऑपरेशन झालं. एका कानात नकली रिकीब बसली. सोनम बाळाला घेऊन सासरी गेली. कान बरा झाल्यावर मीनाबाई आधी गिरणीवर गेली. चमनभाईचे ओठ हलत होते, पण तिला नुसती घरघर ऐकू आली. आता तीही चारचौघांसारखी झाली होती. ती हसली आणि दळणाचा डबा ठेवून घरी आली.

संध्याकाळी अण्णासो आले, टेकले आणि त्यांनी अंगठा तोंडाकडे नेला.

"अवो, तोंडानं सांगा की. आता ऐकू येतंय मला."

अण्णासोंचा हात तसाच राहिला.

"काय बोलू?" ते पुटपुटले.

तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. ती चहाचं आधण ठेवायला उठली.